शृंगार आणि घाम

मिवा आकिहिरो हे नाव जपानमध्ये कुणापुढेही घ्या, ऐकणाऱ्याला आधी त्यांचे केस आठवतात. पिवळेधमक, मानेवर रुळणारे. मग पायघोळ झगे, बोटांतल्या ठसठशीत अंगठ्या आणि जुन्या खानदानी घरातल्या बाईची वाटावी अशी अदबशीर, घोटीव बोली. गायक, नट, नाट्यदिग्दर्शक, लेखक हे सगळं ते आहेतच. पण सर्वसामान्य जपानी घरात ते वडीलधारं माणूस म्हणून जास्त शिरले. दूरचित्रवाणीवरून, वर्तमानपत्राच्या सदरातून लोकांच्या अडचणी ऐकायच्या आणि कुणाचीही भीडभाड न ठेवता उत्तर द्यायचं, हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. पुरुष म्हणून जन्मलेल्या मिवांनी ऐन तारुण्यात, १९५० च्या दशकात, आपलं पुरुषांवरचं प्रेम उघड सांगितलं आणि बाईसारखं नटणं कधी सोडलं नाही. नटणं ही त्यांची हौस कधीच नव्हती. ती त्यांची भूमिका होती, शब्दाच्या दोन्ही अर्थांनी.

आणि तरीही त्यांचं सर्वांत मोठं गाणं कोणतं, असं विचारलं तर उत्तर येतं ते पायाभरणीवर मजुरी करणाऱ्या एका आईच्या गाण्याचं. त्यात अत्तर नाही, मखमल नाही, घाम आणि चिखल आहे. सौंदर्याचा एवढा कैवार घेतलेल्या कलावंताच्या हातून हे गाणं कसं झालं? माझं म्हणणं असं, की यात विसंगती काहीच नाही. मिवांचा शृंगार आणि त्या आईचा घाम एकाच ठिकाणाहून आलेले आहेत, आणि ते ठिकाण म्हणजे नागासाकी.

१५ मे १९३५ रोजी नागासाकीत त्यांचा जन्म झाला. घराण्याचं नाव मारुयामा. मिवा हे नाव त्यांनी १९७१ मध्ये घेतलं, तोवर जपान त्यांना मारुयामा आकिहिरो म्हणूनच ओळखत होता. जन्मदात्री आई ते दोन वर्षांचे असतानाच गेली. वडिलांचं कॅफे होतं, सार्वजनिक स्नानगृहही होतं आणि समोरच नाट्यगृह. म्हणजे पोरवयात कानावर पडलं ते ग्रामोफोनवरचं परदेशी संगीत, डोळ्यांना दिसली ती रंगभूमी आणि चित्रपट, आणि माणसं दिसली ती स्नानगृहात, कपडे उतरवलेली. झगमगीत कपड्यांतून आलेलं शरीर आतून किती दरिद्री असू शकतं आणि फाटक्या कपड्यांतून आलेलं किती देखणं, हे आपण तिथं पाहिलं, असं मिवांनी पुढे सांगितलं आहे. नटण्याला आयुष्य वाहिलेल्या कलावंताचं पहिलं शिक्षण असं कपड्यांच्या पलीकडे बघण्याचं होतं, हे ध्यानात ठेवण्याजोगं आहे.

मग युद्ध आलं. चैन हा शत्रू आहे, अशी सरकारी घोषणा १९४० पासून रस्तोरस्ती झळकत होती. पुरुषांना खाकी ‘राष्ट्रीय गणवेश’ आला, बायकांच्या कुरळ्या केसांकडे संशयाने बघितलं जाऊ लागलं, अमेरिकी आणि इंग्रजी संगीत शत्रूचं म्हणून बंद झालं. कॅफेच्या घरात वाढलेल्या मुलापासून रंग आणि सूर असे हुकमाने काढून घेतले गेले. ९ ऑगस्ट १९४५ ला शहरावर अणुबॉम्ब पडला तेव्हा तो दहा वर्षांचा होता. स्फोटाच्या केंद्रापासून साधारण चार किलोमीटरवरच्या घरात सुट्टीतल्या अभ्यासाचं चित्र काढत बसला होता. तो वाचला. शहराचं काय झालं ते जगाला ठाऊक आहे.

स्नानगृहाचा आणि युद्धाचा, हे दोन धडे एकत्र ठेवून पाहावेत. सौंदर्यावर बंदी घालणारी सत्ता माणसांना कुठं नेऊन सोडते, हे त्या मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्यामुळे पुढे त्याने जांभळा रंग अंगावर घेतला, केस रंगवले, झगे घातले, त्या प्रत्येक गोष्टीत खाकीला दिलेलं उत्तर आहे. हा शृंगार लाडिक नाही. त्याला युद्धाची आठवण आहे.

संगीत शिकायला ते तोक्योला आले, पण घरचा धंदा बुडाला आणि शाळा सुटली. राहायला जागा नाही अशा दिवसांतून जात, अमेरिकी छावण्यांमध्ये जाझ गात, १९५२ मध्ये ते तोक्योतल्या गिन्झा भागातल्या ‘गिन्पारी’त पोचले. ‘गिन्पारी’ हे फ्रेंच गाण्यांचं, शान्सोंचं कॅफे. कॉफीच्या पैशात समोर बसून गाणं ऐकता येई. १९९० च्या शेवटी ते बंद झालं, तोवर जपानी शान्सोंच्या कित्येक गायकांची ती शाळा होती. शान्सों हा प्रकार मिवांना इतका का मानवला, याचं कारण त्या प्रकारातच आहे. शान्सों तीन-चार मिनिटांचं नाटक असतं. त्यात पात्र असतं, प्रसंग असतो, शेवटाला कलाटणी असते. नुसता गोड गळा इथं पुरत नाही, शब्द जगावा लागतो. युद्धानंतरच्या तोक्योत, जिथं प्रत्येकाच्या पाठीशी एकेक न सांगितलेली गोष्ट होती, हे छोटं नाटक लोकांना हवंच होतं. गिन्झातच या तरुणाला युकिओ मिशिमा भेटले. मिशिमा तेव्हा जपानी साहित्यातले सर्वांत चर्चेतले लेखक होते, आणि दोघांची मैत्री मिशिमांच्या १९७० मधल्या मृत्यूपर्यंत टिकली.

१९५७ मध्ये ‘मेके मेके’ गाजलं. मूळ फ्रेंच गाणं, शब्द शार्ल अझ्नावूर यांचे, चाल झिल्बेर बेको यांची. जपानी शब्द स्वतः मारुयामांचे. त्या शब्दांत त्या काळच्या सभ्य गाण्यांना न पेलणारा बोलीभाषेचा ठसका होता. वर हा देखणा पोरगा जांभळ्यात सजून गात होता. एदो काळातल्या सरदारांच्या देखण्या सेवकांचा वेष त्याने पाश्चात्त्य कापडात उतरवला होता. जपानच्या पुराणकाळातल्या पहिल्या सम्राटापासून इतका सुंदर मुलगा झाला नाही, असं कौतुक छापून आलं. त्याच वृत्तपत्रांनी ‘सिस्टर बॉय’ असं टोपणनावही चिकटवलं. टाळ्या आणि टवाळी एकाच तिकिटावर आलेल्या होत्या. त्याने आपलं प्रेम लपवायला नकार दिला आणि टाळ्या ओसरल्या. कार्यक्रम तुटले, आजारपण आलं, हाती पैसा उरला नाही.

याच पडत्या काळात मिवांमधला गीतकार जागा झाला. कोळसा खाणींच्या गावात एक कार्यक्रम होता. नेहमीसारखा झगमगीत पोशाख करून ते रंगमंचावर आले आणि समोर बघतात तो तुटपुंज्या मजुरीतून तिकीट काढून आलेल्या खाणकामगारांनी नाट्यगृह भरलेलं. त्या क्षणी त्यांना आपल्या कपड्यांची लाज वाटली आणि त्याहून मोठी गोष्ट उमगली, की या माणसांसाठी गावं असं एकही गाणं आपल्याजवळ नाही. पॅरिसच्या रस्त्यांवरच्या प्रेमभंगाची गाणी खाणीतल्या माणसाला काय देणार? ती उणीव भरून काढण्यासाठी त्यांनी स्वतः लिहिलं, स्वतः चाल बांधली. गाणं मंचावर आलं १९६४ मध्ये, ध्वनिमुद्रिका निघाली १९६५ मध्ये. नाव ‘योइतोमाके नो उता’.

योइतोमाके म्हणजे काय ते आधी डोळ्यांपुढे आणायला हवं. यंत्रं येण्यापूर्वी इमारतीच्या पायाची जमीन माणसं ठोकून घट्ट करत. आपल्याकडचं धुम्मस दोन हातांनी उचलून आपटतात. जपानी मजुरांचं वजन त्याच्या कितीतरी पट जड असे, लाकडी तिकाटण्यावरून कप्पीने दोर टाकलेला असे आणि दहाबारा जण मिळून तो ओढत. वजन वर जायचं, हात सुटायचे, वजन धाडकन खाली. सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागावा म्हणून एक जण हाक देई, बाकीचे झेलत. युद्धानंतर या कामावर रोजंदारीच्या बाया मोठ्या संख्येने होत्या. नवरा गेलेला, घर जळलेलं, पोरं पदरात. गाण्याची पहिली वीट म्हणजे ही श्रमाची हाक. घरच्या माणसांची नावं घेत जोर काढणारी.

गाणं सुरू होतं ते त्या हाकेने, पण लगेच आपण भलत्याच जागी येऊन पडतो. बांधकामावरची दुपारची सुट्टी. एक माणूस सिगारेट ओढत डोळे मिटतो आणि त्याला ती जुनी हाक ऐकू येते. इथं मिवांनी एक फार देखणी गोष्ट केली आहे. ज्या हाकेने जमीन ठोकली जायची, तीच या माणसाची अंगाई होती. दोर ओढण्याच्या लयीवर हे पोर निजलेलं आहे. एवढ्या एका जुळणीत आईचं सारं आयुष्य सांगून झालं. तिच्याजवळ अंगाई म्हणायला वेगळा वेळ नव्हता.

मग आठवण उलगडते. शाळेत पोरं त्याला मजुरणीचा घाणेरडा पोरगा म्हणून चिडवतात. रडत, चडफडत तो शाळेतून पळतो. आईने जवळ घ्यावं, डोळे पुसावेत एवढंच त्याला हवं असतं. वाटेत काम चाललेलं असतं आणि तिथं त्याला आई दिसते. डोक्याला फडकं बांधलेली, चिखलाने माखलेली, उन्हात रापलेली, पुरुषांच्या रांगेत उभी राहून दोर ओढणारी. आणि तोंड आभाळाकडे करून सगळा प्राण एकवटून गाणारी.

आता गीतकाराने काय केलं नाही ते पाहा. आई मुलाकडे बघत नाही. तिला तो आलेला कळतही नाही. ती त्याला काही सांगत नाही, समजूत घालत नाही, मायेने पोटाशी धरत नाही. आईवरच्या गाण्यांत जे हमखास येतं, ते सारं इथं गाळलेलं आहे. मुलगा तिला बघतो, रडू विसरतो आणि आल्या पावली शाळेकडे वळतो, मी शिकेन, असं म्हणत. सांत्वन मागायला आलेलं पोर सांत्वनाशिवाय परतलं आणि तरी भरून परतलं. हा प्रसंग इतका संयमाने रचलेला आहे, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं ते मुलाच्या अपमानाने येत नाही, त्याच्या माघारी वळण्याने येतं.

पुढच्या कडव्यात काळाची झेप आहे. शाळा झाली, कॉलेज झालं, जग यंत्रांचं झालं आणि तो मुलगा इंजिनिअर झाला. यश सांगणारं हे कडवं सरळ वाटतं, पण त्यात एक खोल दुखरी गोष्ट दडलेली आहे. आईने जे काम शरीर झिजवून केलं, ते आता यंत्र करतं आणि ते यंत्र चालवणाऱ्यांच्या जगात मुलगा पोचला आहे. तिची हाक आता कुठल्याच बांधकामावर उठत नाही, फक्त त्याच्या मिटल्या डोळ्यांआड उठते. आणि हे दाखवायला आई उरलेली नाही, कष्ट करकरून ती गेली. १९६४ हे तोक्यो ऑलिंपिकचं वर्ष. त्याच ऑक्टोबरात शिंकान्सेन ही वेगवान रेल्वे धावू लागली, शहर काँक्रीटने नवं होत होतं. सारा देश वर बघत असताना या गाण्याने खाली, पायाकडे बोट दाखवलं. ही इमारत कुणाच्या हातांवर उभी आहे, ते विसरू नका.

शेवटाकडे गाणारा मुलगा कबुली देतो, की आपणही वाकड्या वाटेला लागणार होतो, पण वाचलो. आणि वाचवलं कशाने? जगातल्या कोणत्याही सुंदर गाण्याहून, सुंदर गळ्याहून आईच्या त्या हाकेने त्याला अधिक बळ दिलं. हे कोण म्हणतं आहे, ते लक्षात घ्या. ज्याचं आयुष्यच सुंदर गाणी सुंदर गळ्याने गाण्यात गेलं, तो कलावंत हे म्हणतो आहे. तो आपली सारी कला त्या मजूर बाईच्या पायाशी ठेवतो आणि तिला आपल्याहून मोठी गायिका म्हणतो. मुलाच्या तोंडून आलेला हा निर्वाळा गाणाऱ्याचाही निर्वाळा होतो. इथं गाणं आईवरचं राहत नाही, गाण्यावरचं होतं. सूर कशासाठी असतो, या प्रश्नाचं हे उत्तर आहे.

शब्दांइतकंच मोठं आहे ते गायन. मिवांचा आवाज पुरुषी खर्जातून सहज वर चढतो, कंप मोठा असतो आणि मात्रा हवी तशी ताणण्याची सवय त्यांना शान्सोंनी लावलेली आहे. या गाण्यात ते ही सारी शिदोरी चार माणसांत वाटून टाकतात. हाक छातीतून येते, तिला गळ्याचा गोडवा मुळीच लावलेला नाही. चिडवणाऱ्या पोरांच्या ओळी वेगळ्या धारेने येतात. रडणाऱ्या मुलाची ओळ श्वास लागलेल्यासारखी तुटत येते. मोठ्या झालेल्या माणसाची ओळ बोलल्यासारखी, सपाट, कारण त्याला रडायचं नाही. आणि अखेरीस हाक पुन्हा येते तेव्हा ती आई देते आहे, मुलगा देतो आहे की गायक, हे वेगळं काढता येत नाही. सुरुवातीला जी कामाची लय होती, ती शेवटी आईला घातलेली साद होते. एकच हाक दोनदा ऐकवून तिचा अर्थ एवढा पालटवणं, हे रचनाकार मिवांचं यश आहे.

गाणं लोकांनी उचललं, पण त्यातला अंगमेहनतीच्या मजुरांसाठीचा रोजचा शब्द हीन समजला जाऊ लागला आणि व्यावसायिक वाहिन्यांनी गाणं टाळायला सुरुवात केली. ज्यांचा मान राखण्यासाठी गाणं लिहिलं, त्यांचा अपमान होईल म्हणून ते लोकांना ऐकवायचं नाही, असा हा न्याय. मिवा मात्र आपल्या कार्यक्रमांत ते गात राहिले. २००० च्या सुमारास लोकप्रिय गायक केइसुके कुवाता यांनी दूरचित्रवाणीवर ते गायलं आणि नव्या पिढीचे कान तिकडे वळले.

मग ३१ डिसेंबर २०१२. वर्षअखेरीला एनएचके या सार्वजनिक वाहिनीवर होणारी ‘कोहाकु उता गास्सेन’ ही गाण्यांची मैफल म्हणजे जपानी घराघरातला सण. वयाच्या ७७ व्या वर्षी मिवा तिथं पहिल्यांदा आले. त्या झगमगाटात एकेक गाणं दोन-तीन मिनिटांत उरकतं. नर्तकांचे ताफे, रंगीत दिवे, पिसांचे पोशाख असा सारा थाट. आणि या थाटात जो सर्वांत नटून येईल अशी सगळ्यांची खात्री, तो कलावंत आला काळ्या केसांनी, साध्या काळ्या कपड्यांत. अंधार, एक प्रकाशझोत, आणि जवळपास सहा मिनिटांचं पूर्ण गाणं. सोबतीला कुणी नाही. पिवळ्या केसांच्या सल्लागार आजींना ओळखणाऱ्या तरुणांनी त्या रात्री हा गायक प्रथमच ऐकला.

वेष उतरवण्याचा हा निर्णय बारकाईने बघावा. खाणीच्या गावात त्यांना झगमगाटाची लाज वाटली होती. जवळजवळ अर्ध्या शतकानंतर देशातल्या सर्वांत मोठ्या मंचावर त्यांनी तेच ऋण फेडलं. पण माझ्या मते याला आणखी एक बाजू आहे. कायम साधं राहणाऱ्याने साधं येण्यात विशेष काही नसतं. जो शृंगार पुरता जगला आहे, त्याने तो उतरवला की त्या उतरवण्याला बोलता येतं. काळा वेष हाही मिवांचा शृंगारच होता, त्या मजूर आईच्या सन्मानासाठी केलेला.

याच नजरेने त्यांच्या नाट्यकर्तृत्वाकडे पाहता येतं. १९६७ मध्ये शूजी तेरायामांच्या ‘तेन्जो साजिकी’ या प्रायोगिक नाट्यसंस्थेच्या ‘केगावा नो मारी’त ते मारी झाले. मारी म्हणजे बाईच्या वेषात जगणारा आणि एका मुलाला बंद घरात आई होऊन वाढवणारा पुरुष. पुढच्याच वर्षी एदोगावा राम्पोंच्या रहस्यकथेवरून मिशिमांनी लिहिलेल्या ‘कुरो तोकागे’ या नाटकाची नायिका त्यांच्याकडे आली, आणि त्याच वर्षी किंजी फुकासाकु यांनी चित्रपट केला. ही नायिका हिरे चोरणारी टोळीप्रमुख आहे. सुंदर माणसांची शरीरं पुतळे करून जपण्याचं तिला वेड आहे, म्हणजे सौंदर्य काळापासून वाचवायचं तर त्यातला जीव काढून घ्यायचा. चित्रपटात असा एक पुतळा म्हणून खुद्द मिशिमा उभे राहिले आहेत.

त्यातला जहाजावरचा प्रसंग विसरता येत नाही. पाठलाग करणारा गुप्तहेर आकेची कोचाच्या आत दडला आहे, असं नायिकेला कळतं. ती त्याच कोचावर बसते आणि तिचं त्याच्यावर जडलेलं प्रेम बोलून टाकते. समोर चेहरा नाही, कापड आणि लाकूड आहे. माणसासमोर जे कबूल करता आलं नसतं, ते ती वस्तूला सांगते, आणि सांगून झाल्यावर तो कोच समुद्रात फेकायचा हुकूम देते. इथं मिवांचा अभिनय खानदानी थाटातून एकदम हळवा होतो आणि हुकमाच्या क्षणी पुन्हा थाटात शिरतो. ही नायिका जन्मजात बाईने केली असती तर ती प्रेमात पडलेली गुन्हेगार झाली असती. मिवांमुळे एक जादा पदर येतो. आपण पाहतो ते बाईपणही रचलेलं, जपलेलं, पणाला लावलेलं आहे, हे सतत जाणवतं. म्हणून ती कोसळते तेव्हा नुसतं एक पात्र मरत नाही, एक अख्खी रचना ढासळते.

त्यांच्या गायकीचा तिसरा नमुना म्हणजे फ्रेंच गायिका एदित पियाफचं प्रेमस्तोत्र, जपानमध्ये ‘आई नो सांका’ या नावाने घरोघरी पोचलेलं. तिथं रुळलेले शब्द तोकिको इवातानी यांचे, फुबुकी कोशिजी यांच्यासाठी लिहिलेले, मधाळ आणि सुखाचे. लग्नसमारंभांत ते गाणं म्हटलं जातं. पियाफने स्वतः लिहिलेले मूळ शब्द मात्र सुखाचे नाहीत. प्रेमासाठी देश आणि मित्रही सोडायला निघालेल्या बाईचा तो निर्वाणीचा सूर आहे. मिवा आधी मूळ अर्थ जपानीत बोलून दाखवतात, सूर न लावता, आणि मग फ्रेंचमध्ये गातात. श्रोत्याला अर्थ हातात देऊन मगच सुराच्या स्वाधीन करायचं, ही त्यांची पद्धत. २०१४ मध्ये एनएचकेच्या ‘हानाको तो आन’ या सकाळच्या मालिकेचं निवेदन त्यांचं होतं. त्यात प्रेमासाठी सर्व सोडून निघालेल्या एका सरदार घराण्यातल्या स्त्रीच्या प्रसंगावर हेच गाणं वाजलं. लग्नातलं गोड गाणं म्हणून ओळखलेल्या चालीत एवढी आग आहे, हे त्या सकाळी कित्येकांना कळलं.

चेहरा आणि वेष दोन्ही काढून घेतले तर या कलावंतात काय उरतं, याचं उत्तर हायाओ मियाझाकींच्या दोन अ‍ॅनिमेशन चित्रपटांत आहे. १९९७ च्या ‘मोनोनोके हिमे’त मिवा मोरो या लांडग्यांच्या देवतेचा आवाज आहेत. माणसांनी टाकून दिलेली मुलगी मोरोने लेक म्हणून वाढवली आहे. रात्रीच्या प्रसंगात खडकावर पडलेली, गोळीने आतून सडत चाललेली मोरो त्या लेकीबद्दल बोलते तेव्हा आवाजात दरारा, तिरस्कार आणि माया एकाच वेळी असते. ध्वनिमुद्रणात रानडुकरांच्या म्हाताऱ्या देवाशी असलेल्या संवादावर मियाझाकींनी मिवांना सांगितलं, की हे दोघं फार पूर्वी एकमेकांच्या प्रेमात होते. पटकथेत हे कुठंच नाही. मिवांनी ते वाक्य पुन्हा म्हटलं आणि त्यात जुन्या ओळखीची ऊब आली. सांगितलेली गोष्ट अशी क्षणात गळ्यात उतरवणारा नट दुर्मीळ.

२००४ च्या ‘हाउल नो उगोकु शिरो’त त्यांनी ओसाड माळावरच्या चेटकिणीला आवाज दिला. सुरुवातीला ती झगझगीत, मग्रूर. राजवाड्याच्या पायऱ्या तिला पायी चढाव्या लागतात आणि पायरीपायरीला घाम, धाप, विस्कटलेला रंग. वर पोचल्यावर तिची जादूच काढून घेतली जाते आणि उरते ती एक थकलेली, बाळासारखी म्हातारी. मग्रूर आवाज ओसरत धापेत आणि धाप पुसटशा बडबडीत कशी विरते, ते कान देऊन ऐकावं. शृंगार गळून पडल्यावरही ते माणूस प्रेम करण्याजोगं राहतं, हे त्या आवाजात आहे, आणि चित्रपटातले लोक तिला घरात घेतात ते आपल्याला पटतं ते त्यामुळेच.

मारी, मोरो, योइतोमाकेची आई. आई न आठवणाऱ्या मुलाने आयुष्यभर आया उभ्या केल्या, आणि त्यातली एकही पाटावर बसवलेली, पूजेतली आई नाही. एक पुरुष, एक लांडगी, एक चिखलाने माखलेली मजूर. ज्यांच्याकडे समाज नाक मुरडून पाहतो त्यांच्यातच मिवांना मायेचा थोरपणा दिसला. युद्धात सैन्यासाठी देहविक्रयाला जुंपलेल्या बायांवर त्यांनी ‘सोकोकु तो ओन्नाताची’ लिहिलं, तेही १९७० च्या दशकात, या विषयावर जपानमध्ये फारसं कुणी बोलत नसताना. २०१३ च्या कोहाकुत त्यांनी नागासाकीच्या बॉम्बवरचं स्वतःचं ‘फुरुसातो नो सोरा नो शिता नि’ गायलं. वर्षअखेरीच्या सणात, घराघरातल्या जेवणाच्या टेबलापाशी, त्यांनी ते शहर आणून ठेवलं.

सौंदर्यासाठी जगणारे कलावंत पुष्कळ असतात आणि दुबळ्यांच्या बाजूने बोलणारेही असतात. बहुतेकांना यातलं एक निवडावं लागतं. नटणारा दुःखाकडे पाठ फिरवतो, दुःख सांगणारा नटण्याला उथळ म्हणतो. मिवांनी ही वाटणी मुळातच नाकारली. रंग आणि सूर हिरावून घेतलेलं बालपण त्यांनी पाहिलं होतं, म्हणून सौंदर्य ही सुखवस्तूंची मिरास आहे, हे त्यांना कधीच पटलं नाही. ते खाणकामगाराला मिळालं पाहिजे, मजूर बाईला मिळालं पाहिजे, आणि वेळ आली तर तिच्याकडून शिकलं पाहिजे. म्हणूनच ‘योइतोमाके नो उता’ ऐकताना मला गायक श्रोत्यांवर उपकार करतो आहे असं कधी वाटत नाही. तो एका मोठ्या गायिकेचं गाणं पुढे चालवतो आहे, एवढंच वाटतं, आणि कलावंताच्या नम्रतेचा याहून चोख पुरावा मला ठाऊक नाही.